राणी काढ, केळी राहू दे

पत्र

ताई, नमस्कार.
मी अठ्ठावीस वर्षांची. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बीएस्सी ॲग्री केलं. पाच वर्षांपासून सावद्याजवळच्या एका केळी पॅकहाउसमध्ये क्वालिटीला आहे. काम आवडतं, पण पगार तीन वर्षांपासून जागचा हललेला नाही. पुण्यातली मैत्रीण म्हणाली, लिंक्डइनवर स्वतःचा ब्रँड बनव, फोन आपोआप येतील. म्हणून ४,९९९ रुपये भरून तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला. त्यांनी माझ्या नावाखाली ‘बनाना क्वीन ऑफ खान्देश, पॅशनेट लीडर, ड्रीमर’ असं लिहायला लावलं आणि रोज एक प्रेरणादायी पोस्ट टाकायला सांगितली. चार महिन्यांत अकराशे कनेक्शन झाली. नोकरीचा एकही मेसेज नाही, ‘हाय डिअर’ मात्र रोज. त्यात कुणीतरी प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पॅकहाउसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता मी डबा उघडला की गाडीवाले विचारतात, ‘राणीसाहेब, जेवण झालं का?’ मामा म्हणतात, लग्न झालेल्या मुलीने एवढं मिरवायचं कशाला, आपलं काम बोलतं. माझं इंग्रजी बेताचं. शेठला कळलं की मी नोकरी शोधतेय, तर आहे तीही जायची. प्रोफाइल डिलीट करू का? सोबत स्क्रीनशॉट पाठवतेय.
तुमची एक वाचक, रावेर तालुका
(पत्र थोडं कापून छापलंय.)

उत्तर

अगं, डिलीट नको करू. आधी ती राणी काढ. हे वाचता वाचता काढलीस तरी चालेल.

आणि गाडीवाल्यांवर रागावू नकोस. पाच वर्षं त्यांनी तुला जाडी मापायचा कॅलिपर हातात घेऊन फणी न् फणी तपासताना पाहिलंय. डागी माल बाजूला काढलास म्हणून शेतकऱ्याशी झालेली हुज्जतही त्यांनी ऐकलीय. ती बाई त्यांच्या ओळखीची आहे. ही ‘क्वीन’ कोण, ते त्यांना कळेना, म्हणून हसले. माझं तर मत आहे की तुझ्या प्रोफाइलची तपासणी कोर्सवाल्यांपेक्षा त्या ग्रुपने चांगली केली. नवीन मजकूर लिहिलास की तोही त्याच लोकांसमोर ठेवायचा, निदान मनातल्या मनात. आपल्या शेजारी उभं राहून काम केलेल्या माणसाने वाचावं आणि ‘हो, हे ती करते’ एवढंच म्हणावं. यापलीकडे ब्रँड म्हणून जे काही विकलं जातं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ४,९९९ गेले ते गेले. त्यांची पावती मात्र मामांना दाखवू नकोस.

मामांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. काम बोलतं, खरंच बोलतं. पण त्याचा आवाज सावद्यापासून रावेर-यावलपर्यंत पोहोचतो. नाशिकच्या द्राक्षवाल्याला किंवा वाशीच्या निर्यातदाराला तो कसा ऐकू जाणार? जळगावची केळी चांगली हे आपल्याला आजी-पणजीपासून माहीत आहे. तरी २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते नुसतं ‘आमची केळी लई गोड’ म्हणून नाही. कुठल्या पट्ट्यात पिकते, कशी पिकवतात, दुसऱ्या केळीहून वेगळी कशी, हे सगळं कागदावर मांडून अर्ज करावा लागला. भरताच्या वांग्यालाही हेच करावं लागलं. त्याला मामा मिरवणं म्हणतील का? विचार एकदा.

आता कामाचं. नावाखालची जी ओळ आहे, तिला २२० अक्षरांची मर्यादा असते, आणि मोबाइलवर त्यातला सुरुवातीचा तुकडाच आधी दिसतो. मी वीसेक वर्षं नोकरभरतीच्या कामात काढली, त्यातली बरीचशी लोकांची प्रोफाइलं चाळण्यात. माणूस शोधताना आम्ही शोधपट्टीत काय टाकायचो? ‘बनाना’, ‘पॅकहाउस’, ‘कोल्ड चेन’, ‘क्वालिटी’, गावाचं नाव. ‘ड्रीमर’ हा शब्द टाकून मी उभ्या आयुष्यात कुणाला शोधलेलं नाही. तेव्हा ती ओळ अशी कर: ‘क्वालिटी सुपरवायझर, बनाना एक्स्पोर्ट पॅकहाउस, ग्रेडिंग, प्री-कूलिंग, कंटेनर लोडिंग, सावदा-रावेर’. दिसायला रुक्ष आहे. असू दे. तुझं पद कागदोपत्री ‘सुपरवायझर’ नसून ‘असिस्टंट’ असेल, तर असिस्टंटच लिही.

खरी गंमत पुढच्या भागात आहे, जिथे स्वतःबद्दल लिहायचं असतं. तिथे तू सध्या ‘कृषी क्षेत्रात परिवर्तन घडवण्याची आस असलेली’ असं काहीतरी इंग्रजीत लिहिलंयस. ते वाचून मला तू पॅकहाउसमध्ये आहेस की मंत्रालयात, तेच कळेना. पण तुझ्याच पत्रात खाली, ताजा कलम म्हणून, एक वाक्य आहे: ‘मे महिन्यात फार धावपळ होते, सकाळी दहाच्या आत माल आत नाही आला तर गर तापतो.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. हे तुझं प्रोफाइल आहे, बाई!

थांब, नीट सांगते. बाहेर ४४-४५ अंशांचं भुसावळी ऊन. बागेतून घड आला, फण्या सुटल्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुतला गेला, कॅलिपरने जाडी मापली, तेरा किलोची पेटी भरली. मग तो तापलेला माल प्री-कूलिंगमध्ये घालून १३-१४ अंशांवर आणायचा. त्याच्या फार खाली गेला तर साल काळवंडते आणि नंतर नीट पिवळी होत नाही. वर राहिला तर वाटेतच पिकायला लागतो, आणि कंटेनर आखातात उघडेपर्यंत सगळ्यांची झोप उडालेली. या दोन काठांच्या मधून माल नेणारी बाई तू आहेस. तुला हे इतकं सवयीचं झालंय की लिहिण्यासारखं वाटत नाही. बाहेरच्याला मात्र नेमकं हेच हवं असतं.

तर एका कागदावर, मराठीतच, काही प्रश्नांची उत्तरं लिहून काढ. हंगामात दिवसाला किती पेट्या तुझ्या नजरेखालून जातात? तू आलीस तेव्हा शंभरातल्या किती फण्या बाद व्हायच्या आणि आता किती होतात? पॅकिंगच्या किती बायकांना तू शिकवलंस, आणि त्यातली कुणी आज स्वतः टोळी सांभाळते का? पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेच्या मालात आणि पावसाळा सरताना लावलेल्या कांदेबागेच्या मालात तुला काय फरक दिसतो? कधी एखादा कंटेनर परत आला का, किंवा तक्रार आली का, आणि पुढच्या वेळी तू काय बदललंस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक लपवतात. मला विचारशील तर सगळ्यात वजनदार तेच असतं. ज्याचा एकही माल कधी बिघडला नाही, त्याने बहुतेक फारसा माल पाठवलेलाच नसतो.

या उत्तरांतली पाच-सहा वाक्यं निवडून इंग्रजी कर. छोटी वाक्यं, साधी क्रियापदं: तपासलं, शिकवलं, कमी केलं, सांभाळलं. तुझं बेताचं इंग्रजी एवढ्याला पुरून उरेल. मोबाइलमधल्या एआयकडून चुका तपासून घे, हरकत नाही. फक्त त्याने गुपचूप ‘पॅशनेट’ परत घुसवलं तर हाकलून दे. त्याला ती खोड असते.

आकडे मात्र खरे. ठोकून दिलेला आकडा कसा अंगाशी येतो, हे मी स्वतः भोगलंय. तरुणपणी मी माझ्या माहितीत लिहिलं होतं, ‘बारा जणांच्या टीमचं नेतृत्व’. प्रत्यक्षात दोन शिकाऊ पोरी माझ्या हाताखाली होत्या, बाकीचे दहा जण शेजारच्या टेबलांवर बसायचे. पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘बारांपैकी सगळ्यात अवघड माणूस कोण होता आणि त्याला तुम्ही कसं हाताळलंत?’ मी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावरही उत्तर सुचलं नाही. ती नोकरी गेलीच, पण अजून कुणी ‘बारा’ म्हटलं की माझे कान गरम होतात.

तारखांचंही तसंच. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी पीएफच्या नोंदी तपासतात, आणि यूएएनमध्ये, म्हणजे तुझ्या पीएफच्या कायमच्या नंबरावर, कुठे कधीपासून कधीपर्यंत होतीस ते उघड दिसतं. मध्ये सात महिने घरी होतीस ना, तू लिहिलंयस, सासूबाईंच्या आजारपणात. ते सात महिने झाकायला जाऊ नकोस. मोकळे दिसले तर दिसू देत.

आडनावाचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण स्क्रीनशॉटवरून माझ्या लक्षात आला. डिग्री माहेरच्या नावाने, प्रोफाइल सासरच्या. कॉलेजची मंडळी तुला शोधायला गेली तर सापडणार कशी? नावाच्या रकान्याजवळ आधीचं नाव लिहायची सोय असते, तिथे माहेरचं आडनाव टाक. आणि फोटो बदल. तो लग्नातला आहे, आणि तुझ्या खांद्यावर जावईबापूंचा अर्धा पंजा राहून गेलाय. पॅकहाउसच्या दारात, सकाळच्या उजेडात, ॲप्रन घालून एक काढून घे. चेहरा सगळ्यांना दिसायला नको असेल तर फोटो फक्त कनेक्शनमधल्या लोकांनाच दिसेल, अशी सेटिंगही आहे. मामांना हे आवडेल.

‘हाय डिअर’वाल्यांना उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं, आणि वाईट वाटून घ्यायचं नाही. मोबाइल नंबर प्रोफाइलवरून आजच काढ, ईमेल पुरे. आणि ‘दुबईत पॅकहाउस मॅनेजर, रजिस्ट्रेशनचे फक्त दोन हजार भरा’ असा कुणी आला, तर तो नोकरी देणारा नाही. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत नसतो. चुकून भरलेच तर रडत बसायच्या आधी १९३० वर फोन लाव, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितका लवकर लावशील तितकी पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

आता ते अकराशे. त्यातल्या किती जणांना तू रस्त्यात ओळखशील? अगं, कोर्सचे सोबती एकमेकांना ‘ग्रेट पोस्ट’ म्हणतात, तेवढ्यावर चूल पेटत नाही. पण अनोळखी लोक काहीच कामाचे नाहीत, असंही म्हणायचं नाही मला. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची बातमी बहुतेक वेळा सख्ख्या मित्रांकडून नाही, तर अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते. सख्ख्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच जवळपास दोन कोटी लोकांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं गेलं, आणि बऱ्याच अंशी खरं ठरलं. फक्त एक पुरवणी जोडावी लागली: ओळख पुसट हवी, पण अगदीच नावापुरती नको.

आपल्याकडे याला अभ्यास लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेलीस की झोक्यावर कोण भेटतं? वर्षातून एकदा दिसणारी वर्गातली पोर, काकूची भाची, शिरपूरला दिलेली बहीण. ‘हाई काय शे व बहीन, तू तर बारीक व्हयी गयी’ म्हणता म्हणता तिच्या दिराच्या कंपनीत माणूस हवाय, हेही कळून जातं. तुझ्या यादीत अशी माणसं हवीत. धुळ्याची तुझी बॅच, एक न् एक जण. तुमच्याकडे येणारे टिश्यूकल्चर रोपांच्या आणि ठिबकच्या कंपन्यांचे प्रतिनिधी. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचं बघणारे, माल तपासायला येणारे सर्व्हेअर. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात तुम्ही शिबिराला गेला होतात, तिथले सर. नाशिकच्या द्राक्षाच्या आणि सोलापूरच्या डाळिंबाच्या पॅकहाउसमध्ये तुझंच काम करणाऱ्या मुली. फळ वेगळं, थंडीचा धाक तोच. रिक्वेस्ट पाठवताना दोन ओळी लिही: मी कोण, आपण कुठे भेटलो, किंवा तुमचं काय वाचून पाठवतेय. पहिल्याच मेसेजात नोकरी मागू नकोस. पाहुणा दारात उभा असताना आपण त्याच्याकडे उसने पैसे मागतो का?

रोजची प्रेरणादायी पोस्ट बंद. पंधरा दिवसांतून एक पुरे, आणि मराठीत लिहिलीस तरी चालेल. या आठवड्यात फण्या कशामुळे जास्त बाद झाल्या, बागेत काय केलं असतं तर वाचल्या असत्या, एवढंच. प्रोफाइल इंग्रजीत ठेव म्हणजे वाशीवाल्याला कळेल, पोस्ट मराठीत ठेव म्हणजे फैजपूरचा बागायतदार खाली येऊन वाद घालेल. त्या वादात तू जशी उत्तरं देशील, त्यातून लोकांना तू जास्त कळशील. शेतकऱ्याचं नाव आणि चेहरा त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. ग्राहकाचं नाव, भाव, पेटीवरचं लेबल, कंटेनरचा नंबर कधीच नाही. ती शेठची गुपितं आहेत, आणि पुढचा शेठ आधी हेच बघेल की तू आधीच्या शेठचं काय काय उघड्यावर टाकलंस.

शेठचं म्हणशील तर, फोटोवर हिरव्या पट्टीचं ‘ओपन टू वर्क’ लावू नकोस, नोकरी शोधतेयस हे सगळ्यांना दिसतं. तीच गोष्ट फक्त नोकरभरती करणाऱ्यांना दिसेल, असाही पर्याय आहे. आपल्याच कंपनीच्या भरतीवाल्यांना ते दिसू नये असा लिंक्डइनचा प्रयत्न असतो, पण हमी ते देत नाहीत. प्रोफाइलमध्ये बदल करण्याआधी, बदलाची खबर सगळ्यांना जाते ती सेटिंग बंद कर. नाहीतर एका रात्रीत सतरा बदल करशील आणि सकाळी शेठच्या मुलाच्या मोबाइलवर तुझं नाव झळकेल. आणखी एक. दुसऱ्या पॅकहाउसच्या मालकाचं प्रोफाइल उघडून बघितलंस की त्यालाही तू येऊन गेलीस ते दिसतं, खासगी मोड लावला नसेल तर.

पण एवढं सगळं लपवाछपवीचं करण्याआधी मी दुसरंच करेन. तो कागद, पेट्या आणि बाद फण्यांचा, घेऊन शेठसमोर बसेन. हंगाम ऐन भरात असताना नाही, जरा मोकळीक असेल तेव्हा. ‘मी आले तेव्हा असं होतं, आता असं आहे, तीन वर्षांत पगार तोच आहे.’ तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस की तू पगारवाढ मागितलीस. मागितलीस का? आपल्याकडच्या पोरी पाच वर्षं वाट बघतात की कुणीतरी आपणहून विचारेल. शेठ नाही म्हणाला, तरी कागद वाया जात नाही, तोच प्रोफाइलवर चढतो.

शिफारशीच्या दोन ओळी कुणाकडून तरी घे. लिंक्डइनवर तशी सोय आहे, आणि आलेली शिफारस तू मान्य केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून घाबरू नकोस. तुमचे जुने मॅनेजर आता गुजरातला गेलेत ना, त्यांना विचार. ‘छान मुलगी आहे’ असलं काही नको. ‘अमुक वर्षी माल तापत होता तेव्हा हिने काय केलं ते लिहा’, असं स्पष्ट सांग. लोकांना काय लिहायचं ते कळत नाही, म्हणून ते छान छान लिहितात.

मामांना एकदा पॅकहाउसला घेऊन ये, शक्यतो मे महिन्यात, सकाळी साडेनऊला. पंधरा मिनिटं उभं राहू दे त्यांना तिथे.

पहिला परिच्छेद लिहून झाला की मला पाठव. इंग्रजी मी बघते. कॅलिपरची मापं तेवढी तू पुन्हा एकदा तपास, त्यातलं मला काही कळत नाही.